चार नंबरचा गजर कुणी बंद केला

४ ऑक्टोबर

ती. आत्या,

नमस्कार, प्रकृतीची चौकशी वगैरे शेवटच्या पानावर आहे. आधी हे ऐक: मी माझा कंप्यूटर खिडकीतून खाली टाकणार आहे. खाली सायकल स्टँड आहे, तिथं माझीच सायकल आहे, तरी टाकणार आहे.

फोनवर तू म्हणालीस, "ओरडू नकोस, लिहून पाठव. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दीड महिना स्क्रीन बघायची नाही. कागद चालेल, अक्षर मोठं काढ." तर हे घे मोठं अक्षर. एका पानावर अकरा ओळी बसतायत. माझा राग चाळीस पानांचा आहे आणि पाकिटात सहाच पानं मावतात.

काम सांगतो. आमच्या ऑफिसला लसी साठवणाऱ्या नऊ डेपोंचं काम मिळालंय. प्रत्येक डेपोत एक थंड खोली, आत लसींचे खोके आणि भिंतीवर आमचा एक डबा. हा डबा दर मिनिटाला खोलीचं तापमान आमच्या सर्व्हरला कळवतो. तापमान चढलं की डेपोत भोंगा वाजतो. तिथल्या माणसानं येऊन बटण दाबलं की सर्व्हरला निरोप जातो, "गजर पाहिला", आणि सर्व्हर भोंगा थांबवतो. बस, इतकंच.

त्यात माझं काम म्हणजे या डब्यांसाठी सर्व्हरचं दार बांधणं. सॉकेट म्हणतात ते. पण साधं दार नाही चालत. बोलणं सांकेतिक हवं, मध्ये कुणाला ऐकू जाता कामा नये, आणि ज्या डब्याकडे आपलं सर्टिफिकेट आहे त्यालाच आत घ्यायचं. आज सहा दिवस झाले. एकही डबा आत येत नाही! विचारलं का, तर सर्व्हर म्हणतो, "आमच्या दोघांत सामाईक संकेत एकही नाही." डबा मी बसवला, सर्व्हर मी बसवला, आणि दोघांत सामाईक काही नाही? कॉलेजच्या प्रिन्सिपॉलसाहेबांत आणि माझ्यात नव्हतं ते समजू शकतो.

मॅनेजर दर तासाला येऊन विचारतात, "झालं का?" नऊ डेपोंचे नऊ जण फोन करून विचारतात, "झालं का?" आठच म्हणायला हवं. डेपो चारच्या थंड खोलीवर जी आहे, ती तसं विचारत नाही. ती म्हणते, "तुम्ही जेवलात का? आवाजावरून वाटत नाही." आत्या, ऑफिसात दीडशे माणसं बसतात, माझ्या आवाजावरून कुणाला काही वाटलं नाही आजवर. तिची नेमणूक अजून कच्ची आहे. नोव्हेंबरात पक्की होणार आहे, रेकॉर्ड स्वच्छ राहिलं तर. सगळे तिला चार नंबर म्हणतात. फोन उचलताना "डेपो चार" म्हणते ना, तेव्हा 'चार' जरा लांबवते.

दोन पानं तिच्यावरच गेली. असो. सांग मला, काय चुकलं? आणि कॉलेज सोडून केलेलं पहिलंच काम असं अडकलंय, हे बाबांना कळू देऊ नकोस.

तुझा,
तडतड्या

ता.क. डोळा कसा आहे?


८ ऑक्टोबर

चि. तडतड्यास,

आशीर्वाद. डोळा बरा आहे. तुझं अक्षर भिंगाशिवाय वाचता आलं, शाळेत कधी आलं नव्हतं.

सर्व्हरजवळ दोन पेट्या लागतात. एकीत त्याची स्वतःची ओळख आणि ती पटवून देणारी गुप्त किल्ली असते. दुसरीत तो ज्यांना ओळखतो त्यांची यादी असते, किल्ली एकही नसते. तू पेट्यांची अदलाबदल केली आहेस. तुझा सर्व्हर स्वतःची ओळख म्हणून दुसऱ्यांची यादी पुढे करतोय. किल्लीच नाही म्हटल्यावर संकेत जुळणार कसा? मी बंदरावरच्या कंप्यूटर विभागात एकतीस वर्षं काढली. हीच चूक पाचजणांनी केली आणि पाचहीजणांनी आधी यंत्राला शिव्या दिल्या.

पेट्या बदल. सॉकेटच्या पुस्तकातलं दाराचं प्रकरण एकदा सावकाश वाच. वाच म्हणतेय, चाळ नव्हे.

सर्व्हरवर चार पानं, चार नंबरवर दोन. त्या मुलीला यातलं काही ठाऊक आहे का? की तुझं तूच बाशिंग बांधून बसलायस?

आत्या


१३ ऑक्टोबर

ती. आत्या,

पेट्याच होत्या! बदलल्या आणि दहा मिनिटांत नऊच्या नऊ डबे आत. सहा दिवस माझ्या नाकी नऊ आले आणि तू एका डोळ्यानं सोडवलंस. मला आनंद झाला, पण चीडही आली.

परवा मॅनेजरांनी डेपोंच्या मुख्य अधिकारी बाईंना बोलावलं होतं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, हसत नाहीत कधी. त्यांच्यासमोर मी एक खोटं सर्टिफिकेट बनवून डबा जोडला. सर्व्हरनं तडक हाकलून दिला. मोठ्या बाईंनी विचारलं, "म्हणजे डेपोच्या नावानं दुसरं कुणी बोलू शकणार नाही?" मी म्हटलं, "बाई, चार नंबरच्या नावानं निरोप आला तर तो चार नंबरच्याच डब्यातून आला. लिहून देतो." आणि दिलं लिहून. सहीसकट! मॅनेजरांनी तो कागद फायलीत लावला.

आणि हे फुकट नाही म्हणत. सर्टिफिकेट मागायच्या दोन तऱ्हा आहेत. मी दोन्ही लावल्यात, एकाखाली एक. दोन कुलपं असली की चोर दुप्पट दमतो.

आता तुझ्या त्या टोमण्याबद्दल. नाही, तिला ठाऊक नाही. सांगायला फोन केला होता, पण तोंडातून निघालं, "डब्याची बॅटरी कशी आहे?" ती म्हणाली, "बरी आहे." मी म्हटलं, "आणि तुम्ही?" ती म्हणाली, "कामाचं बोला, माझ्या हातात खोका आहे." यात चीड कुणाची येणार सांग. तिची येत नाही. खोक्याची येते.

तडतड्या


१८ ऑक्टोबर

चि. तडतड्यास,

नऊ डबे आत आले, शाबास.

लिहून कशाला दिलंस? तोंडी बढाई वाऱ्यावर जाते, कागदावरची फायलीत राहते. सही करण्याआधी ते दार मला एकदा दाखवायचं होतंस.

दोन कुलपांचं मला नीटसं कळलं नाही. सवडीनं लिही.

मुलीच्या हातात खोका असताना फोन करू नये. खोका ठेवल्यावर सरळ विचारावं. उत्तर काय येईल याची भीती वाटते म्हणून बॅटरीची चौकशी करणारा पुरुष मी एक पाहिला होता. त्याचं लग्न दुसरीशी झालं.

आत्या


२ नोव्हेंबर

आत्या,

सगळं वाटोळं झालंय. माझं नाही, तिचं.

एकोणतीस तारखेला दुपारी डेपो चारचं थंड करायचं यंत्र बंद पडलं. तीन वाजून सहा मिनिटांनी भोंगा वाजायला लागला. ती तेव्हा मागच्या दारी सिरिंजचे खोके उतरवून घेत होती. भोंगा ऐकून निघाली, आणि चार मिनिटांत भोंगा थांबला. दार उघडं राहिलं की तापमान क्षणभर चढतं, मग आपोआप उतरतं आणि भोंगा थांबतो, असं आठवड्यातून दोनदा होतं. तिला तेच वाटलं. ती परत खोक्यांकडे गेली. साडेपाचला थंड खोलीत गेली तर आतली हवा कोमट. अख्ख्या खोलीतल्या लसी फुकट! तिनं स्वतः फोन करून कळवलं, "यातली एकही कुपी वापरू नका." एकही बाहेर गेली नाही, ते तिच्यामुळं.

आणि याचं बक्षीस काय? सर्व्हरच्या नोंदवहीत आहे: तीन वाजून दहा मिनिटं, डेपो चार, "गजर पाहिला". म्हणजे म्हणे तिनं बटण दाबलं, भोंगा बंद केला आणि यंत्राकडे ढुंकून पाहिलं नाही. ती शपथेवर सांगते, "मी बटणाला हातही लावला नाही." तिला घरी बसवलंय. सोळा तारखेला चौकशी. निकाल विरुद्ध गेला तर नोकरी गेली, आणि लसींच्या कामात तिला पुन्हा कुणी उभं करणार नाही.

मी मॅनेजरांच्या टेबलावर मूठ आपटली. म्हटलं, ती खोटं बोलणारी नाही. त्यांनी फाईल उघडली आणि माझाच कागद माझ्यापुढे धरला. "चार नंबरच्या नावानं निरोप आला तर तो चार नंबरच्याच डब्यातून आला. ही सही कुणाची?"

चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि दोर मी वळून दिलेला.

माझी खात्री आहे, डब्याचं बटण बिघडलंय. आपोआप दाबलं गेलं असणार. ते सिद्ध कसं करायचं, एवढंच सांग. मी त्या वेळी टेबलावरच होतो. दुपारी तिला फोन केला होता, खोका नव्हता तिच्या हातात, तरी मला विचारता आलं नाही, म्हणून डोकं फिरलेलं. सरावाच्या सर्व्हरवर एक चाचणी करत बसलो होतो, सकाळपासून अडली होती. ती एकदाची सुटली तेव्हा सव्वातीनला खुशीत चहा प्यायला गेलो. तिकडे काय जळतंय याचा पत्ता नाही.

लवकर लिही. टपालवाल्याला सांग धावत जा.

तडतड्या


५ नोव्हेंबर

चि. तडतड्यास,

मूठ आपटायची थांबव. टेबलाचं काही बिघडलेलं नाही.

बटणाचं असेलही. पण बटणाकडे जाण्याआधी माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं हवीत.

एक. सर्व्हरचं दार बांधण्यापासून ते पहिल्या डब्याला आत घेईपर्यंतच्या सगळ्या ओळी हातानं उतरवून पाठव. आठवून नव्हे, समोर बघून.

दोन. खोटं सर्टिफिकेट दाखवणाऱ्याला तू हाकलून दाखवलंस. मुळीच सर्टिफिकेट नसलेल्याला कधी उभं करून पाहिलंस का?

तीन. सव्वातीनला सुटलेली ती चाचणी कसली होती, आणि कुठल्या डेपोच्या नावानं?

आत्या


८ नोव्हेंबर

ती. आत्या,

ओळी उतरवल्या आहेत, वेगळ्या कागदावर, एकूण एकोणीस. बारावीपर्यंत दोन पेट्या आणि दार. तेरावीत 'नीड': समोरच्याचं सर्टिफिकेट लागेलच. चौदावीत 'वॉन्ट': समोरच्याचं सर्टिफिकेट हवंय. हीच ती दोन कुलपं. पंधरावीपासून डब्यांना आत घेणं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही पाहिलं. कशाला पाहायचं? खोटं ओळखपत्र असलेल्याला जो घेत नाही, तो काहीच नसलेल्याला घेईल का? तू फार शंकेखोर आहेस. इथं एका मुलीची नोकरी चाललीय आणि आपण व्याकरण तपासत बसलोय.

काल डेपो चारला गेलो होतो, बटण बघायला. तिच्या जागी एक बदलीवाला बसवलाय, तो मला खोलीत जाऊ देईना. बटण त्यालाच दाबायला लावून बाहेरून पाहिलं. चांगलं कडक आहे, आपोआप दाबलं जाण्यासारखं वाटलं नाही. पण आतून बिघडलं असेल. असणारच.

तिला फोन केला. वडिलांनी उचलला. म्हणाले, "ती रजेवर आहे." म्हटलं, "बरं." ठेवला.

तडतड्या


११ नोव्हेंबर

चि. तडतड्यास,

तुझी तेरावी ओळ बरोबर आहे. चौदावी नसती तर आज ती मुलगी कामावर असती.

या दोन ओळींची बेरीज होत नाही रे. दोन्ही एकाच जागी लिहिल्या जातात, मागून येणारी आधीचीला पुसते. तेरावीनं तू सक्ती केलीस आणि चौदावीनं ती काढून घेतलीस. आता तुझा सर्व्हर सर्टिफिकेट मागतो. खोटं दिलं तर हाकलतो. आणि काहीच दिलं नाही तर "बरं" म्हणून आत घेतो. पुस्तकात हे त्याच प्रकरणात, तिसऱ्या परिच्छेदात लिहिलेलं आहे. मी वाच म्हटलं होतं.

म्हणजे त्या दिवशी कुणीही, कुठूनही, डेपो चार म्हणवून निरोप पाठवू शकत होतं. ती मुलगी खरं बोलतेय, हे शक्य आहे एवढं यातून सिद्ध होतं. मग निरोप पाठवला कुणी, हा प्रश्न उरतोच.

माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाकिटात नव्हतं. दोन्ही पानं उलटून पाहिली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी जुनी सवय आहे, पण यावेळी भांडं माझं नाही, त्या मुलीचं आहे. लिही.

आत्या


१३ नोव्हेंबर

आत्या,

मी होतो.

तुझं पत्र वाचलं आणि चाचणीचा प्रोग्राम उघडला. त्यात एक ओळ असते: कुठल्या सर्व्हरला जोडायचं. तिथं सरावाच्या सर्व्हरचा पत्ता हवा होता. खऱ्याचा होता. आदल्या दिवशी मीच घातला होता, बदलायचा राहिला. त्या प्रोग्रामकडे सर्टिफिकेट नाही. खऱ्या सर्व्हरनं त्याला दारातच अडवायला हवं होतं. नाही अडवलं.

सकाळपासून मी "गजर पाहिला" हा निरोप पाठवत होतो आणि उत्तर येत होतं, "असा गजर नाही." सरावाच्या सर्व्हरवर मी खोटा गजर लावून ठेवला होता, म्हणून मला कळेना, नाही कसा? पुन्हा पाठवला. पुन्हा नाही. शिव्या घातल्या, पुन्हा पाठवला. असं तीनपर्यंत चाललं. आणि मग एकदम उत्तर आलं, "स्वीकारलं." मी खुर्चीवरून उडी मारली. चहा प्यालो. वर एक बिस्किट खाल्लं, आत्या.

तिथं खरा गजर वाजत होता म्हणून ते स्वीकारलं गेलं.

आणि नंबर चार. चाचणीत कुठला तरी डेपो घालावा लागतो. मी नेहमी चार घालतो. का, ते तुला सांगायला नको. तू आठ तारखेच्या पाकिटात उत्तर शोधत होतीस. तेव्हा मला खात्री नव्हती, पण शंका आली होती आणि प्रोग्राम उघडायचं टाळत होतो, म्हणून नाही लिहिलं. आता खात्री आहे.

मॅनेजरांना सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. "किती लोकांना ठाऊक आहे?" "तुम्हाला, मला आणि माझ्या आत्याला." "आत्याला?" "त्यांचा डोळा..." "ते राहू दे. चौदावी ओळ आत्ता काढ. आणि गप्प बस. महिनाभर दार उघडं होतं हे बाहेर गेलं तर नऊच्या नऊ डेपो आपल्या हातून जातील. ती मुलगी तरुण आहे, दुसरीकडे लागेल."

ओळ काढली. नऊ डबे आत आले, बिनसर्टिफिकेटचा दारातच अडला. हे सहा सेकंदांचं काम होतं.

सोळाला चौकशी आहे. मॅनेजर साक्षीला जाणार, मी नाही. माझं नाव यादीत नाही. बोललो तर इथून हाकलतील. मग बाबा काय म्हणतील ते मला पाठ आहे. न बोललो तर पुढं तोंड कुठं दाखवू, ते सुचत नाही. तू सांग.

तडतड्या


१५ नोव्हेंबर

चि. तडतड्यास,

पत्र आज दुपारी मिळालं. हे तुला पोचेपर्यंत सोळा तारीख होऊन गेलेली असेल. फोन जवळच आहे, पण उचलत नाही. हे तुझं तूच ठरवायचं, म्हणून सल्ला नाही.

जे केलं असशील ते कळव. जेवत जा.

आत्या


१७ नोव्हेंबर

ती. आत्या,

तुझं पत्र आत्ता मिळालं. फोन उचलला नाहीस याचा राग तिसऱ्या ओळीपर्यंत टिकला.

चौकशी डेपो चारच्याच ऑफिसात होती. लांब टेबल, मधोमध मोठ्या बाई, बाजूला आमचे मॅनेजर, कोपऱ्यात लिहून घेणारा कारकून. ती बाकाच्या टोकाला बसली होती, मांडीवर तापमानाची वही. आमचे डबे बसवले तरी ती दर तासाला हातानं तापमान लिहायची, हे मला माहीतच नव्हतं. एकोणतीस तारखेच्या तीनपर्यंतची एकही नोंद चुकलेली नाही; चारची आणि पाचची मात्र त्या दिवशी खोके उतरवून घेण्यात राहिली.

मी सरळ आत शिरलो.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुझं नाव यादीत नाही."

"घाला."

मॅनेजर उठले. "बाई, हा मुलगा जरा तापट आहे. कॉलेजही..."

"बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. मला नाही, त्यांना.

मग मी सांगितलं. दोन पेट्यांपासून नाही, चौदाव्या ओळीपासून. मध्ये आवाज चढला. मोठ्या बाईंनी पेन उचलून नुसतं हलवलं, तो उतरला. चाचणी, पत्ता, सकाळपासूनचे निरोप, "स्वीकारलं", चहा, सगळं सांगितलं. बिस्किट गाळलं. सगळ्या ओळी आणि चाचणीचा कागद पुढं ठेवला, त्यावर वेळ छापलेली होती, तीन दहा. मॅनेजर छताकडे बघत होते.

मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "डेपो नऊ आहेत. तू चाचणीला चारच का घेतलास?"

"असंच."

"असंच म्हणजे? माणूस एकपासून सुरुवात करतो. तू या मुलीला अडकवायला मुद्दाम चार घेतलास का, हे मला विचारावंच लागेल."

"नाही हो बाई! मुद्दाम कशाला! माझी बोटं तिकडेच जातात."

"का जातात?"

कारकुनानं मान वर केली. "काय लिहू?"

मी म्हटलं, "लिहा. मला चार नंबर आवडतात."

कारकुनानं लिहायला घेतलं आणि थांबला. "चार नंबर म्हणजे डेपो?"

"डेपो नाही हो!" मी ओरडलो.

मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. ती वहीत बघत होती, पान उलटत नव्हती. तिचा कान मला दिसत होता, एकच, आणि तो लाल झाला होता. लाजेनं नाही, एवढं मलाही कळतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "लिहा. निरोप पाठवणाऱ्यानं क्रमांक चार हा वैयक्तिक कारणानं निवडला. नुकसान करण्याचा हेतू दिसत नाही. निष्काळजीपणा पुरेपूर दिसतो." मग तिच्याकडे वळून, "तुमच्यावरचा ठपका काढलाय. आत्तापासून कामावर या. नेमणुकीचा कागद ठरल्या तारखेला निघेल." आणि मॅनेजरांना, "तुम्ही थांबा."

आतून सुटल्यावर मॅनेजरांनी मला बाहेरच्या खोलीत गाठलं. आवाज न चढवता म्हणाले, "पास दे." दिला. "सामान उद्या पाठवतो." ठीक आहे म्हटलं. मूठ कुठंही आपटली नाही, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

ती थंड खोलीकडे निघाली होती. मी मागून हाक मारली, "जरा थांबता?"

"थांबलेय. बोला."

"माफ करा."

"अठरा दिवस," ती म्हणाली. "अठरा दिवस माझे वडील शेजारपाजारी सांगत होते, ती रजेवर आहे. त्यांना खोटं बोलता येत नाही, मध्येच खोकायला लागतात. माफी त्यांची मागा."

"मागतो. पत्ता द्या."

"नाही देणार."

मग तीच म्हणाली, "माझा नंबर वापरायच्या आधी मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नाही म्हणाले असते. म्हणूनच विचारायचं असतं."

आत्या, मी तिथं उभ्या उभ्या कधी नव्हे तो विचार केला. मग म्हटलं, "आता विचारू?"

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजलेत. नोंद घ्यायची आहे." आणि आत गेली.

थंड खोलीच्या दाराला छोटी काच आहे. पाहायला नको होतं, पाहिलं. तिनं अंगात जाड कोट चढवला, काटा बघितला, वही भिंतीला टेकवून लिहिलं. मग खोक्यांकडे वळली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बदलीवाल्यानं जुने खोके मागं आणि नवे पुढं रचले होते, सगळी उलटापालट. ती काहीतरी पुटपुटली, काचेतून ऐकू आलं नाही, पण शिवी असावी. मग तिनं वरचा खोका उचलला.

मी सायकल काढली आणि आलो.

बाबांना आज संध्याकाळी तोंडानंच सांगणार आहे. तू आधी फोन करू नकोस. मला आता काम नाही, तिनं हो म्हटलेलं नाही आणि डोकं सकाळपासून ठणकतंय. पण काल डेपो चारच्या वहीत चार वाजताची नोंद तिच्या अक्षरात झाली.

तुझा,
तडतड्या